फाटलेलं औषध

रावेरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी उंबरझिरा नावाचं गाव आहे. गाव म्हणजे काय, पन्नास-साठ झोपड्या, एक हातपंप, एक शाळा आणि सरकारने बांधून दिलेलं एका खोलीचं आरोग्य उपकेंद्र. त्या खोलीत कुंदाबाई फेगडे नर्सने नोकरीची अठरा वर्षं काढली. एवढ्या वर्षांत तिने ज्याला तुच्छ लेखलं नाही असा माणूस त्या पट्ट्यात शोधून सापडला नसता.

सुरुवात घरापासूनच होती. नवरा तोताराम वरणगावच्या कारखान्यात कामाला. "बंदुकीच्या गोळ्या करतो आणि घरातला उंदीर मारवत नाही," असं ती त्याच्यासमोरच पाहुण्यांना सांगायची, आणि तो बिचारा हसून चहाची कपबशी आत नेऊन ठेवायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर तिच्या मते खुर्चीला ऊब येण्याआधीच बदलीचा अर्ज करणारा. कंपाउंडर झिपरू म्हणजे ताप, जुलाब, कंबरदुखी, सगळ्यांना एकच गुलाबी औषध देणारा. जळगावहून शिकवायला येणारे साहेब म्हणजे उंटावरचे शहाणे. आणि गाव? गावाबद्दल तर बोलायलाच नको. गाढवाला गुळाची चव काय, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. कुंदाबाई फैजपूरच्या केळीवाल्या घरातली, घरी तिची बोली अस्सल लेवा पाटलांची. पण उंबरझिऱ्यात ती मुद्दाम पुस्तकी मराठीत बोलायची, म्हणजे समोरच्याला आपली पायरी कळावी.

या सगळ्यांत तळाला होती गुंताबाई. गुंताबाई गावाची सुईण. साठी उलटलेली, काटकुळी, कंबरेला तंबाखूची डबी. निम्मं गाव तिच्या हातावर जन्माला आलेलं. बाळ झालं की ती बांबूची धारदार कापटी घ्यायची, नाळ कापायची, दोरा बांधायची आणि जखमेवर चुलीतली गोवरीची राख दाबायची. तिच्या आईने असंच केलं होतं आणि आईच्या आईनेही.

कुंदाबाईचा तिच्यावरचा राग मात्र नुसता नाकाने कांदे सोलण्यातला नव्हता. त्या रागाला कारण होतं, आणि ते कारण आठव्या दिवशी यायचं. गोरंगोमटं, रडणारं, अंगावर पिणारं बाळ सहाव्या-सातव्या दिवशी पिणं सोडायचं. जबडा मिटायचा. मग दाराचा उजेड पडला तरी, कुणी हात लावला तरी ते पाठीतून ताठ व्हायचं, मुठी आवळायचं, आणि आठव्या-नवव्या दिवशी संपायचं. गाव म्हणायचं, बाहेरची हवा लागली. कुंदाबाईला माहीत होतं, हवा नाही, राख लागली. धनुर्वात. अशी अकरा पोरं तिने डोळ्यांनी पाहिली होती. पहिल्या तीन पोरांना ती रडली. पुढे रडायचं बंद झालं आणि तुच्छपणा सुरू झाला, कारण तो रडण्यापेक्षा सोपा होता.

धनुर्वाताचा जंतू मोठा लबाड. तो माणसाच्या पेशीत शिरत नाही. नाळेच्या जखमेत, पेशींच्या बाहेरच, घाणीत बसावं तसा बसून राहतो आणि तिथून विष सोडतो. ते विष नसांत शिरलं की ब्रह्मदेवालाही परत काढता येत नाही. त्याला गाठायचं तर वाटेतच गाठायला हवं, आणि ते काम अँटिबॉडींचं. माणसाच्या अंगात लाखो राखणदार पेशी असतात, पण एकेका राखणदाराला एकाच चोराचा चेहरा ओळखता येतो. दुसरा चोर शेजारून केळीचा घड खांद्यावर टाकून गेला तरी तो बिडी ओढत बसणार. टीटीच्या, म्हणजे धनुर्वाताच्या लशीच्या सुईत याच विषाचं दात पाडलेलं रूप असतं, तुरटीच्या जातीच्या पांढऱ्या भुकटीला चिकटवलेलं. ते अंगात गेलं की त्या चोराला ओळखणारा एखादा राखणदार उठतो, मदतनीस पेशीने होकार दिला की आपल्यासारखे हजारो तयार करतो, आणि ते विषाला जागच्या जागी धरणाऱ्या अँटिबॉडी रक्तात ओतायला लागतात. पहिल्या सुईला हे काम रडतखडत चालतं, आठवडे जातात. पण त्यातले काही राखणदार तो चेहरा वर्षानुवर्षं विसरत नाहीत. महिन्याने दुसरी सुई दिली की ते ताबडतोब उठतात, आणि या खेपेला अँटिबॉडींचा पूर येतो. गरोदर बाईच्या रक्तातला तो पूर वारेतून पोटातल्या बाळात उतरतो. बाळाचे स्वतःचे राखणदार अजून डोळे चोळत असतात. आईची ही शिदोरी त्याला पहिले काही महिने पुरते.

हे सगळं कुंदाबाईने उंबरझिऱ्याच्या बायांना दहा वेळा सांगितलं होतं, पुस्तकी मराठीत, बोट नाचवत. बाया ऐकून घ्यायच्या, पदराआड हसायच्या आणि घरी जाऊन राख चाळून ठेवायच्या. "पालथ्या घड्यावर पाणी," कुंदाबाई म्हणायची. तरी सुईला बाया यायच्या, एवढं खरं. सुईवर गावाचा विश्वास होता. सुई दुखायची, म्हणजे तिच्यात काहीतरी असणार.

एकोणनव्वद साली पुन्याची बायको कस्तुरा तिसऱ्यांदा गरोदर राहिली. पुन्या केळी कापणाऱ्या टोळीत मजुरीला जायचा. कस्तुराची आधीची दोन्ही पोरं आठव्या दिवशी गेली होती. पहिल्याच्या वेळी ती माहेरी होती, दुसरं पोर तर कुंदाबाईच्या मांडीवरच ताठलं. दोन्ही खेपांना सुई चुकली होती, कधी कस्तुरा गावात नव्हती, कधी औषध आलं नव्हतं. कस्तुरा तिसऱ्यांदा उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसली, आणि तिने काहीच विचारलं नाही, नुसती बसून राहिली. कुंदाबाईला ते न विचारणं सहन झालं नाही.

"या खेपेला तुझं मूल आठवा दिवस ओलांडेल," ती म्हणाली. "मी सांगते आहे. दोन सुया वेळेवर घे, बस."

आता रावेरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्यालाच पुढची गोष्ट नीट कळेल. एप्रिलच्या शेवटाला पारा पंचेचाळिशी ओलांडतो, केळीची पानं कडेने करपतात, आणि लाइट सकाळी जी जाते ती संध्याकाळी येते. आरोग्य केंद्रातला लशीचा फ्रिज दुपारपर्यंत कोमट व्हायचा. झिपरू त्यात आपली पाण्याची बाटली ठेवायचा आणि दर दहा मिनिटांनी दार उघडायचा. त्या वर्षी कुंदाबाईने हे पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. या मूर्खांच्या हाती लस ठेवली तर ती उकडून मरेल, असं तिने ठरवलं आणि स्वतःची व्यवस्था केली. रावेरच्या स्टँडमागे पितांबरचा कांडीबर्फाचा कारखाना होता. त्याच्याकडे जनरेटर होतं. सुईच्या आदल्या दिवशी कुंदाबाई टीटीच्या बाटल्या नेऊन त्याच्या गोठणयंत्रात ठेवायची, लाल-पिवळ्या कांड्यांच्या साच्यांमध्ये. सकाळी घ्यायची तेव्हा बाटल्यांवर बर्फाचा थर असायचा आणि आतलं औषध दगड झालेलं असायचं. उंबरझिऱ्याला पोचेपर्यंत ते वितळायचं. "जळगावला पोलिओचे थेंब असेच गोठवून ठेवतात," ती पितांबरला म्हणाली. "जितकं थंड तितकं बरं. पण या लोकांना कोण सांगणार."

सांगणारा भेटलाही होता. त्याच वर्षी जानेवारीत जळगावला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. शिकवायला एक तिशीतला साहेब होता, गळ्यात टाय, हातात खडू. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कुंदाबाईने त्याला सहन केलं. याच्या मिश्या फुटायच्या आधीपासून मी सुया टोचते आहे, असं शेजारणीला ऐकवलं. जेवणाची सुट्टी झाली तशी ती पिशवी घेऊन उठली आणि भरताची वांगी घ्यायला बाजारात गेली. परत गेलीच नाही. पोलिओची लस गोठली तरी चालते, टीटी एकदा गोठली की मेली, हे त्याने त्या दुपारच्या तासाला सांगितलं. वांगी मात्र खरोखर चांगली निघाली.

एप्रिलअखेर उपकेंद्राच्या ओसरीवर सुईचा दिवस भरला. चौदा गरोदर बाया आल्या. सुया कुकरमध्ये उकळून झाल्या. बाया थोपवून धरायला, घाबरलेल्यांची पाठ चोळायला गुंताबाई होती. कुंदाबाईला ती नको असायची, पण ती असली की बाया पळत नसत. बाटल्या ओसरीच्या दगडावर मांडलेल्या होत्या. गुंताबाई त्यांच्याकडे बघत बसली. मग तिने एक उचलली, उन्हासमोर धरली, हलवली, परत दगडावर ठेवली आणि पुन्हा बघत बसली.

"बाई," ती म्हणाली, "हाई औषध फाटेल शे."

कुंदाबाईने सुई भरता भरता मान वर केली.

"गेल्या खेपले हालाडं का दूधना मायक व्हये. बराच टाइम तशीच राहे. आते देख. वर पानी, खाले चोथा. दूध फाटस तशी."

खरोखर वर पाणी होतं आणि तळाला पांढऱ्या कपच्या बसल्या होत्या. कुंदाबाईने ते पाहिलंही. पण बघणं वेगळं आणि मानणं वेगळं. ते गुंताबाईने सांगितलं होतं ना.

"तू मला शिकवणार?" ती म्हणाली. "नाळेला राख फासणारी तू. बाटली खाली ठेव. तुझे हात धुतलेले नाहीत."

बाया हसल्या. गुंताबाईने बाटली खाली ठेवली. कुंदाबाईने ती जोराने हलवली, चोथा मिसळून गेला, आणि तिने चौदा दंड टोचले. कस्तुराचा दंड तिने स्वतः चोळून दिला. मेअखेरीस दुसरी सुई, त्याच बाया, पितांबरच्या त्याच कारखान्यातून आलेल्या बाटल्या. चौदापैकी एकीच्याही अंगात एक राखणदार उठला नाही. गोठल्यावर तुरटीच्या कणांचे गोळे झाले होते आणि औषधाचा जोर गेला होता. सुई दुखली मात्र नेहमीसारखीच.

जूनमध्ये सुकाची बायको शेवंता बाळंत झाली. मुलगा. गुंताबाईने नाळ कापली. सातव्या दिवशी सकाळी मुलाने पिणं सोडलं. कुंदाबाई धावत गेली आणि दारातूनच तिला सगळं कळलं. बाराव्यांदा.

त्या दिवशी ती जे बोलली ते गाव पुढे बरीच वर्षं विसरलं नाही. हातपंपापाशी सगळे जमलेले असताना तिने गुंताबाईला बोट दाखवलं. हिच्या राखेने मारलं, म्हणाली. हिच्या कापटीने मारलं. यापुढे हिला ज्या घरात बोलावतील त्या घरची पायरी मी चढणार नाही. सुका मान खाली घालून उभा होता. शेवंता झोपडीत होती, पण झोपडीला कुडाच्या भिंती, तिला शब्द न् शब्द ऐकू गेला असणार.

गुंताबाईने सगळं ऐकून घेतलं. तंबाखूची डबी उघडली, परत मिटली.

"बाई, मन्ही राख नेहमीनी शे," ती म्हणाली. "यंदा तुन्ही सुई बी व्हती. दोन टोच्या. मंग पोरगं का बरं गयं?"

  कुंदाबाईने तोंड वाकडं केलं, हसली आणि निघून गेली. पण त्या रविवारी वरणगावला तिला जेवण गेलं नाही. तोतारामने विचारलं, तर त्याच्यावरच खेकसली. त्याने एवढंच म्हटलं, "आमच्याकडं पेटी बाहेर जायच्या आधी त्यातला एक नग फोडून बघता. तुमच्याकडं कोण बघते?"

"तुमच्या गोळ्या आणि माझी लस एक आहे का?" ती म्हणाली, आणि विषय संपला.

ऑगस्टमध्ये जळगावला पुन्हा प्रशिक्षण निघालं. तोच टायवाला. कुंदाबाई मागच्या बाकावर बसली, पर्समध्ये वांग्यांसाठी पिशवी घडी करून ठेवलेली. या वेळी त्याने सकाळीच टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. दोन्ही एकदम हलवल्या. दोन्ही दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. मग तो खुर्चीवर बसला, घड्याळाकडे बघत.

"काही बोलू नका," तो म्हणाला. "नुसतं बघा."

चाळीस नर्सा बघत बसल्या. काही जांभया देऊ लागल्या. एक बाटली दुधासारखीच राहिली. दुसरीत वरून पाणी निवळायला लागलं आणि खाली कपच्या उतरायला लागल्या. पंधरा मिनिटांत वर स्वच्छ पाणी, खाली चोथा. कुंदाबाईला ओसरीवरचा दगड दिसला. 

"मागच्या बाकावरच्या सिस्टर, तुम्ही सांगा. ही दुसरी कशी आहे?"

कुंदाबाई उठली. तोंडातून निघालं ते तिचं नव्हतंच.

"फाटलेली."

साहेब खूश झाला. "अगदी बरोबर. ही मी रात्रभर गोठवली होती. गोठलेली टीटी टोचणं म्हणजे पाणी टोचणं, आईचंही रक्षण नाही आणि बाळाचंही. इतक्या प्रशिक्षणांत न सांगता ओळखणाऱ्या तुम्ही पहिल्या. नाव काय तुमचं? अहवालात लिहितो."

चाळीस जणी वळून बघत होत्या. काहींनी टाळ्या वाजवल्या.

"गुंताबाई," कुंदाबाई म्हणाली. "उंबरझिरा."

आणि ती बाहेर आली. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची किळस आली, आणि ती किळस नवी नव्हती, तिच्या चांगल्या ओळखीची होती. आजवर ती दुसऱ्यांवर सांडायची, एवढाच फरक. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला. पण शेंबूड पुसता येतो. सुकाचं पोर पुसता येत नव्हतं.

मग तिला कस्तुरा आठवली. कस्तुराचे दिवस पोळ्याच्या आसपास भरणार होते आणि पोळा आठ दिवसांवर आला होता. आता नव्याने सुई देऊन काय उपयोग? पहिल्या सुईने राखणदार जागे व्हायलाच आठवडे जाणार. एकच मार्ग उरला होता. उसन्या अँटिबॉडी. घोड्याला टोचून, त्याच्या रक्तातून काढलेल्या, बाळाला थेट देता येणाऱ्या. त्या काही आठवडे टिकतात आणि शरीर त्यातून शिकत काही नाही, पण आठवा दिवस तर पार होईल. तिने स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानातून दोन कुप्या घेतल्या. थर्मासमध्ये बर्फ घातला आणि कुप्या नॅपकिनमध्ये गुंडाळून मध्ये ठेवल्या, बर्फाला लागणार नाहीत अशा. रावेरची एस.टी. दोन तास उशिरा आली. तिने कुणाला शिव्या दिल्या नाहीत. स्टँडवरच्या कंट्रोलरने दोनदा तिच्याकडे बघून घेतलं.

रावेरहून केळी भरायला निघालेल्या रिकाम्या ट्रॅक्टरवर बसून ती उन्हं कलायला उंबरझिऱ्याला पोचली. पुन्याच्या झोपडीपुढे दोरीवर फडकी वाळत होती. कस्तुरा बाळंत झाली होती. पाच दिवसांपूर्वीच. म्हणजे आठवा दिवस तिसऱ्या दिवशी.

आत कस्तुरा पोराला पाजत होती. गुंताबाई चुलीपाशी बसली होती. कुंदाबाई दारात उभी राहिली, थर्मास छातीशी धरून. पोर पीत होतं. जबडा हलत होता. ती बराच वेळ नुसता तो जबडाच बघत राहिली.

"हिला दिलेलं औषध मेलेलं होतं," ती शेवटी म्हणाली. "बर्फाने. चौदाही जणींना दिलेलं. माझी चूक आहे. तू सांगितलं होतंस. बाळाला ही सुई देऊ दे, गुंताअक्का."

अक्का हा शब्द तिने या गावात पहिल्यांदाच वापरला. गुंताबाईच्या ते लक्षात आलं असेल, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ती उठली, छपराच्या बांबूत खोचलेला कागद काढला आणि कुंदाबाईच्या हातात दिला. फैजपूरच्या दवाखान्याचं कार्ड होतं. कस्तुरा पुन्या, उंबरझिरा. टीटी पहिला डोस, जून अखेर. टीटी दुसरा डोस, जुलै अखेर. दोन्हीपुढे शिक्के.

"सुकानं पोरगं गयं, मंग मी इचार करा," गुंताबाई म्हणाली. "केळी कापाले जातस सांगं आनि इले फैजपूर लई गयी. दोन खेपा. तठेनी बाई बी हसनी. मी बाटली हालाडी, खाले ठेवी, देखी. दूध व्हतं. मंग टोचू दिधं."

कुंदाबाई कार्डावरच्या तारखा मोजत होती. दुसऱ्या सुईनंतर तीन आठवडे. पूर यायला पुरेसे. आईचं रक्त या पोरात उतरलं होतं. शिदोरी पोचली होती.

"आनि कापटी उकाळी," गुंताबाई पुढे म्हणाली. "राख नही लायी. तुन्ही सुईवर भरोसा नही राह्यना, म्हनीसन तुन्हं बोलनं आयकं. तू सांगे ते खरं व्हतं, बाई. पन तू सांगे कशी."

कुप्या उघडायची गरज उरली नव्हती. कुंदाबाई थर्मास घेऊन ओसरीवर बसली आणि तीन दिवस तिथून हलली नाही. रोज सकाळी पोराच्या तोंडाला बोट लावून बघायची, चोखतो का. आठव्या दिवशी त्याने बोट एवढं जोरात ओढलं की ती दचकली. तिचं वचन पाळलं गेलं होतं, आणि ते पाळणारी ती नव्हती.

नवव्या दिवशी तिने गावातल्या बायांना हातपंपापाशी बोलावलं. पुस्तकी मराठी जमेना. फैजपूरच्या घरातली बोलीच तोंडात आली.

"मी तुमाले जे टोचलं ते पानी होतं. औषध बर्फात मेलं, अन् ते मी मारलं. मले गुंताअक्कानं सांगलं होतं, मी तिले हसली. शेवंताच्या लेकराचं पाप हिच्यावर टाकलं, ते मायं हाये. पुन्हा टोचाले लागंन सगळ्याइले. यायचं की नाही ते तुमी ठरवा."

शेवंता शेवटच्या रांगेत होती. ती उठली आणि एकही शब्द न बोलता निघून गेली. कुंदाबाईला वाटलं होतं ती शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कुंदाबाईने सगळं लिहून डॉक्टरकडे दिलं. डॉक्टर म्हणाला, कशाला लिहिता सिस्टर, कुणाला कळणार आहे. तिने त्याच्याकडे पाहिलं ते जुन्या कुंदाबाईचंच पाहणं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कारणे दाखवा नोटीस आली, तिला तिने खरं उत्तर दिलं. उरलेल्या बाया सगळ्या आल्या, पण कुंदाबाईच्या बोलावण्यावर नाही. गुंताबाई घरोघर गेली, म्हणून आल्या. पुढच्या वर्षात उंबरझिऱ्यात एकही पोर ताठलं नाही.

त्यानंतर सुईच्या दिवसाची एक रीत पडून गेली. कुंदाबाई एक बाटली मुद्दाम पितांबरच्या यंत्रात गोठवून आणायची, वर लाल दोरा बांधून. ती आणि चांगली बाटली, दोन्ही गुंताबाईच्या हातात द्यायची. गुंताबाई दोन्ही हलवायची, दगडावर ठेवायची, आणि मग अर्धा तास सगळ्या बाया, नर्सबाईसकट, गप्प बसून त्या दोन बाटल्यांकडे बघायच्या. ज्या बाईने कधी कुणासाठी पाच मिनिटं थांबणं जमवलं नव्हतं ती तिथे हात जुळवून बसलेली असायची. मध्येच एखाद्या साहेबाची जीप आली तरी उठायची नाही.

एक्याण्णवच्या थंडीत शेवंता पुन्हा आली. पोट दिसायला लागलं होतं. दीड वर्षात ती कुंदाबाईशी बोलली नव्हती आणि त्या दिवशीही बोलली नाही. सगळ्यांच्या मागे उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा दगडावर बाटल्या ठेवून अर्धा तास होऊन गेला होता, सगळ्यांनी पाहिल्या होत्या. तरी शेवंता दंड पुढे करीना. तिने चांगली बाटली उचलली आणि गुंताबाईच्या हातात परत दिली.

कुंदाबाई भरलेली सुई बाजूला ठेवून बसली. गुंताबाईने बाटली पुन्हा हलवली, उन्हासमोर धरली, दगडावर ठेवली.  ऊन ओसरीवरून पायरीवर उतरलं. बाटली पांढरीच राहिली.

"दूध शे," गुंताबाई म्हणाली.

मग शेवंताने पदर बाजूला केला आणि दंड पुढे केला, तोंड दुसरीकडे वळवून.